टॉवेलवर नुसतं ‘सॉफ्ट’ लिहून भागत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरगुती खरेदीवर लेख होता, त्यात टॉवेलबद्दल एकच ओळ होती, की हाताला सॉफ्ट लागेल तो घ्या. बाकी लेख चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी सोलापूरचा माणूस, टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमध्ये आयुष्य गेलं, म्हणजे मागावरून उतरलेला कोरा माल उकळणं, ब्लीच करणं, रंगवणं आणि शेवटी फिनिशिंग करून पॅकिंगला पाठवणं, त्यामुळं ती एक ओळ वाचल्यावर गप्प बसवलं नाही. सोलापुरी चादरीसारखंच इथल्या टेरी टॉवेललाही, म्हणजे अंगावर बारीक लूप असलेल्या टॉवेललाही, जीआय मानांकन, म्हणजे त्या गावच्या खास मालाची सरकारी नोंद, आहे, आणि त्या टॉवेलचं नाव आज ज्या एका शब्दामुळं खराब होतंय तो शब्द सॉफ्ट आहे असं मला मनापासून वाटतं.

म्हणजे काय होतं बघा. इथल्या बाजारात, नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत गिऱ्हाईक येतं, दुकानदार चार टॉवेल उलगडून टाकतो, गिऱ्हाईक सगळ्यांवरून हात फिरवतं आणि जो सगळ्यात गुळगुळीत, घसरता लागतो तो उचलतं. घरी नेऊन अंघोळ झाल्यावर अंग पुसायला घेतलं की पाणी नुसतं अंगावर इकडून तिकडं पसरतं, टॉवेल पाणी टिपतच नाही. मग तो माणूस म्हणतो सोलापूरचा टॉवेल आता पहिल्यासारखा राहिला नाही. आणि त्याच गठ्ठ्यात जो जरा खरखरीत लागला म्हणून त्यानं बाजूला सारला, तोच दोनचार धुण्यांत मऊ पडून पुढं कित्येक वर्षं पाणी टिपणारा असतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

आता यातली मूळ गोष्ट अशी की टॉवेल चार वेगवेगळ्या कारणांनी सॉफ्ट लागतो आणि चारही वेळेला पाकिटावर शब्द मात्र तोच छापतात. पहिलं कारण कापूस. लांब धाग्याचा कापूस असेल आणि सूत कोम्ब केलेलं असेल, म्हणजे त्यातले तोकडे तंतू काढून टाकलेले असतील, तर सूत एकसारखं होतं, टोकं बाहेर कमी निघतात, टोचत नाही. हा मऊपणा धुऊन जात नाही, कारण तो धाग्यातच आहे.

दुसरं कारण पीळ. टॉवेलला दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे संच असतात, एक जमिनीचा घट्ट आणि दुसरा लूपचा सैल, आणि साध्या टेरीत तीन आडवे धागे पडले की मागाची फणी त्यांना एकदम पुढं ठोकते, तेव्हा सैल ताण्याचे लूप उभे राहतात. पाणी टिपायचं काम हे लूप करतात. लूपच्या सुताला पीळ कमी दिला की ते फुगतं, हाताला कापसासारखं लागतं आणि पाणीही जास्त धरतं. हल्ली झिरो ट्विस्ट म्हणून जो महाग टॉवेल येतो त्यात तर कापसाच्या सुताबरोबर पीव्हीएचा धागा घेऊन विणतात आणि नंतर गरम पाण्यात तो पीव्हीए विरघळवून टाकतात, मग मागं राहतो तो जवळजवळ बिनपिळाचा कापूस. वापरायला फार छान, पण त्याचे तंतू जास्त गळतात आणि रोज दगडावर आपटून धुणाऱ्या घरात तो टिकणार नाही. हे गिऱ्हाइकाला सांगायला पाहिजे की नाही?

तिसरं म्हणजे वजन, आमच्या भाषेत जीएसएम, एका चौरस मीटरला किती ग्रॅम ते. साधारण ३०० ते ४०० चा टॉवेल हलका, लवकर वाळणारा, ४०० ते ६०० मधला, आणि ६०० च्या वर गेला की हॉटेलात मिळतो तसला जाड. जाड टॉवेल दाबला की गादीसारखा दबतो म्हणून लोक त्यालाही सॉफ्टच म्हणतात, पण पावसाळ्यात तो दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारतो.

आणि चौथं कारण, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, ते म्हणजे वरून लावलेलं केमिकल. फिनिशिंगच्या शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर टाकतात. टाकू नये असं माझं म्हणणं नाही, सगळं जग टाकतं. पण त्यातही प्रकार आहेत. स्वस्तातलं साधं सिलिकॉन भरमसाट मारलं की प्रत्येक तंतूवर पातळ थर बसतो, हात घसरतो, टॉवेल रेशमासारखा वाटतो आणि पाणी आत शिरायला जागाच राहत नाही. पाणी धरणारं, ज्याला हायड्रोफिलिक म्हणतात ते सिलिकॉनही मिळतं, ते महाग पडतं म्हणून टाळतात. कापूस पाणी ओढतो तो त्याच्या अंगभूत गुणामुळं, पण कोऱ्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, वर ताण्याला लावलेली खळ असते, म्हणून कोरा टॉवेल पाण्यात टाकला तर आधी नुसता तरंगतो. ते मेण आणि ती खळ काढायला आम्ही कॉस्टिक सोड्यात तासन्‌तास उकळतो, पेरॉक्साईडनं ब्लीच करतो, कोळसा जाळतो, पाणी घालवतो, आणि एवढा खटाटोप करून कापूस पाणी टिपायला लागला की शेवटच्या अर्ध्या तासात त्याच्यावर परत मेणासारखा थर चढवून ठेवतो, का तर दुकानात हात फिरवल्यावर सॉफ्ट लागला पाहिजे. हे बघून मला तेव्हाही वाईट वाटायचं आणि आजही वाटतं.

सॉफ्टनर या शब्दाचा आणखी एक घोळ आमच्याच खात्यात होता, तो सांगतो. प्रोसेस हाऊसमध्ये दोन सॉफ्टनर असतात. एक हे टॉवेलला लावायचं केमिकल, आणि दुसरा बाहेर उभा असलेला पाण्याचा सॉफ्टनर, म्हणजे रेझिनचे बारीक मणी भरलेली टाकी. बोअरचं जड पाणी त्यातून काढलं की पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रेझिन धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, रेझिन थकलं की मिठाच्या पाण्यानं धुऊन परत ताजं करायचं, म्हणून तिथं कायम मिठाची पोती पडलेली असतात. नवीन पोरगा कामाला लागला आणि त्याला कोणी म्हणालं सॉफ्टनर बघून ये, तर तो हमखास चुकीच्या जागी जायचा, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. एकच शब्द, पण कामं अगदी उलटी. पाण्याचा सॉफ्टनर नीट चालला तर रंग एकसारखा बसतो, साबण निघून जातो आणि टॉवेल पाणी चांगलं टिपतो. केमिकलचा सॉफ्टनर जास्त झाला तर टिपायचं बंद होतं. शेवटी आम्ही मिठाचा आणि तेलाचा असं म्हणायला लागलो, मग गडबड थांबली. सिलिकॉन म्हणजे तेल नव्हे हे माहीत होतं, पण कामाच्या ठिकाणी गोष्ट वेगळी कळली पाहिजे हे महत्त्वाचं.

पाण्यावर आलोच आहे तर जरा थांबतो, कारण इंग्रजीतलं सॉफ्ट वॉटर हे या शब्दाचं फार शिकण्यासारखं उदाहरण आहे. पाणी हाताला मऊ किंवा कडक लागत नाही. तरी त्याला सॉफ्ट नि हार्ड म्हणतात, कारण साबणाचा फेस होतो की नाही त्यावरून फरक ओळखायचा. आपल्या जुन्या शाळेच्या पुस्तकात याला सुफेन आणि दुष्फेन असे शब्द होते, ज्याचा फेस चांगला होतो ते सुफेन आणि होत नाही ते दुष्फेन, शब्द वाचला की पाणी काय करणार ते कळतं, असे शब्द ज्यांनी घडवले त्यांचं मला फार कौतुक वाटतं. आपल्या भागात जमिनीखाली काळा बेसाल्ट खडक, त्याच्या फटींत मुरलेलं पाणी बोअरमधून वर येतं ते बऱ्याच ठिकाणी जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा चालतो आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे, आणि सर्वसाधारण वर्गवारीत ६० च्या आतलं पाणी सॉफ्ट आणि १८० च्या वरचं फार हार्ड धरतात. म्हणजे जे पाणी प्यायला नियमात बसतं ते धुण्याला आणि रंगाला हार्डच ठरू शकतं. ज्यांच्याकडं उजनी धरणाचं पाणी अधूनमधून येतं आणि बाकी दिवस बोअर किंवा टँकरवर भागवतात त्यांना हा फरक साबणाच्या वडीवरच दिसतो.

आणि याच पाण्यामुळं घरातला टॉवेल कडक होतो. जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून पांढरा चिकट साका करतात, तो लूपच्या बुडाशी बसतो. त्यात टॉवेल दोरीवर न झटकता टाकला की तंतू एकमेकांना धरून वाळतात. यावर जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठात अभ्यास झालाय, २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला, त्यात असं दिसलं की वाळल्यानंतरही कापसाच्या तंतूंवर अगदी थोडं पाणी धरून राहतं आणि तेच तंतूंना एकमेकांशी जोडून कडकपणा आणतं. म्हणून टॉवेल वाळत घालताना जोरात झटका आणि काढतानाही झटका, आपल्या आया-मावश्या करायच्या ते बरोबरच होतं. पण लोक काय करतात, टॉवेल कडक झाला की बाजारातून सुगंधी कंडिशनर आणून ओततात, त्यानं हाताला मऊ लागतो आणि टिपायचं आणखी कमी होतं, मग आणखी कंडिशनर. त्यापेक्षा साबण कमी वापरा, शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घाला, क्षार सुटतात.

आता कोणी म्हणेल एका शब्दावरून एवढं काय. पण मला या नादानं तो शब्द बघायची सवयच लागली आणि तो किती ठिकाणी शिरलाय ते बघून नवल वाटतं. इंग्रजीत फार जुन्या काळी सॉफ्टचा अर्थ शांत, सुखाचा, सौम्य असा होता, हाताला मऊ लागणं हा अर्थ त्याला नंतर चिकटला. म्हणून तर सॉफ्ट आवाज, सॉफ्ट उजेड यात अजून तो जुना सौम्यपणा आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम लँडर चंद्रावर उतरला तेव्हा सगळीकडं सॉफ्ट लँडिंग सॉफ्ट लँडिंग चाललं होतं, त्यातही अर्थ हाच, की आदळला नाही. मराठीत अलगद उतरला म्हटलं की सगळं आलं. तुमच्या पेपरात मथळ्यात अलगद हा शब्द वाचल्यावर मला बरं वाटायचं.

सॉफ्ट ड्रिंकमध्ये मऊ काय आहे? काहीच नाही, त्यात दारू नाही एवढंच, कारण दारूला हार्ड म्हणतात. सॉफ्टवेअर तर हार्डवेअरला जोड म्हणून आलं. हार्डवेअर म्हणजे इंग्रजीत मुळात लोखंडी सामान, आपल्याकडं अजूनही हार्डवेअरच्या दुकानात खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडेच मिळतात, तो शब्द कॉम्प्युटरच्या यंत्राला लावला, मग त्यात चालणाऱ्या सूचनांना काय म्हणायचं तर सॉफ्टवेअर, आणि छापील लेखात या अर्थानं तो १९५८ साली जॉन टुकी या अमेरिकन गणितज्ञानं वापरलेला सापडतो. त्याच वाटेनं कागदाची प्रत ती हार्ड कॉपी आणि मोबाईलवर पाठवली ती सॉफ्ट कॉपी. बँकेतलं सॉफ्ट लोन म्हणजे कमी व्याजाचं, सवलतीचं. मनात एखाद्याबद्दल सॉफ्ट कॉर्नर असणं हे तर आपल्याकडच्या इंग्रजीतलं, साहेबाच्या देशात सॉफ्ट स्पॉट म्हणतात. सुतारकामात तर कमालच आहे, सॉफ्टवुड आणि हार्डवुड हे लाकूड मऊ की कडक यावर ठरतच नाही, झाड कुठल्या गटातलं यावर ठरतं, पाईन-देवदारासारखी सूचिपर्णी झाडं ती सॉफ्टवुड. त्यामुळं मुलांची विमानाची मॉडेल करतात ते नखानं दबणारं बाल्सा हे हिशेबानं हार्डवुड आहे!

हे सगळं एकत्र बघितल्यावर मला एक गोष्ट कळली. सॉफ्ट हा शब्द स्वतःहून फारसं काही सांगत नाही. तो फक्त एवढंच सांगतो की समोर जे हार्ड आहे ते हे नव्हे. समोर दारू असेल तर सरबतसुद्धा सॉफ्ट, समोर कागद असेल तर फाईल सॉफ्ट, समोर क्षार असतील तर पाणी सॉफ्ट. समोरचं हार्ड माहीत असेल तोवर कोणाची फसगत होत नाही, म्हणून सॉफ्ट ड्रिंक मागवून कोणी दाबून बघत नाही. टॉवेलच्या पाकिटावर मात्र समोर काहीच नसतं. सॉफ्ट, कशाच्या मानानं? कापूस चांगला म्हणून, पीळ कमी म्हणून, जाड म्हणून, का सिलिकॉन मारलं म्हणून? गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच दुकानदारांनाही नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं दुसरं पीक घ्या, डाळिंब. तिथंही हा शब्द आहे पण तिथल्या लोकांनी त्याला वठणीवर आणलाय. डाळिंबात बी मऊ पाहिजे, चावताना दाताखाली कचकच नको, गणेश, भगवा ही वाणं त्यासाठीच लोकांना आवडली, राहुरीच्या कृषी विद्यापीठानं एका वाणाचं नावच मृदुला ठेवलं. इंग्रजीत त्याला सॉफ्ट सीड म्हणतात, फक्त सॉफ्ट नाही, सीड जोडून सांगतात. कारण त्याच फळाची साल मऊ पडली तर तो माल गेला. भगव्याची साल जाड, चकचकीत म्हणून तो लांबच्या बाजारापर्यंत टिकतो. व्यापाऱ्याचा फोन आला की माल नरम पडलाय, तर शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि तोच व्यापारी बी मऊ आहे म्हणाला तर भाव चढतो. एकाच फळात एक मऊपणा गुण आणि दुसरा दोष, आणि कुठला कुठं ते सगळ्यांना माहीत आहे कारण बोलताना ते बी आणि साल हे शब्द गाळत नाहीत. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे, तिथून सोलापूर लाल हे लोह-जस्त जास्त असलेलं वाण आलं, त्याचीही माहिती देताना काय जास्त आहे ते नाव घेऊन सांगतात. टॉवेलवाल्यांनी एवढं डाळिंबवाल्यांकडून घ्यावं.

मराठीत तर मऊपणाला शब्दांची ददातच नाही. पुरणपोळी लुसलुशीत, काकडी कोवळी, माती भुसभुशीत, लुगडं तलम, केस मुलायम, लोणी मऊसूत, गूळ चिक्कीचा नसेल तर नरम, आजाऱ्याचा भात गुरगुट्या. बाई भाजी घेताना भेंडी मऊ आहे म्हणाली तर ती शिळी, आणि कोवळी आहे म्हणाली तर ती घेणार. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि म्हणूनच ते कामाचे आहेत. सूत आणि कापडाच्या गावात राहून आपण हे सगळे बाजूला ठेवून एका सॉफ्टवर कारभार चालवतोय. आणि कडक म्हणजे वाईट असं तरी सोलापूरकरांनी कधीपासून मानायला लागावं? आपली ज्वारीची कडक भाकरी लोक डब्यात भरून पुण्या-मुंबईला नेतात, ती पापडासारखी मोडते म्हणूनच ती दिवसेंदिवस टिकते, कोणी तिला मऊ नाही म्हणून नाकारत नाही. तसाच नवा, सिलिकॉन न मारलेला टॉवेल पहिल्या दिवशी जरा खरखरीत लागतो, त्याला दोनतीन धुणी द्या, लूप उघडतात आणि त्यानंतर त्याची खरी किंमत कळते.

जाता जाता, नव्या मालाबद्दलही बोललं पाहिजे. बांबू सॉफ्ट म्हणून जे टॉवेल येतात ते बांबूच्या लगद्यापासून केमिकलनं केलेला व्हिस्कोस असतो, बांबूचा धागा काढून विणलाय असं समजू नका. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर नि नायलॉनच्या जातीचा, गाडी पुसायला उत्तम. हे वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण ते सोलापूरचे सुती टॉवेल म्हणून रस्त्याच्या कडेला ढीग लावून विकले जातात आणि वर सॉफ्ट लिहिलेलं असतं, ते चूक आहे. घरी खात्री करायची तर कडेचा एक सुटा धागा काढून काळजीपूर्वक पेटवून बघा, सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला कडक मणी तयार होतो. पाणी टिपतो का बघायला त्याहून सोपं, टॉवेल सपाट पसरून त्याच्यावर पाण्याचा थेंब सोडा. चांगला टॉवेल तो लगेच ओढून घेतो, सिलिकॉन मारलेल्यावर थेंब मण्यासारखा उभा राहतो. दुकानदाराला विचारून दुकानातच करा, चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही.

मी ज्या कारखान्यात होतो तिथं आणि बाकीच्याही ओळखीच्या ठिकाणी मी हे बोललोय. उत्तर एकच मिळतं, की गिऱ्हाईकच हात फिरवून घेतं, आम्ही सॉफ्टनर नाही मारला तर शेजारचा मारतो आणि त्याचाच माल खपतो. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही, सोलापूरच्या पूर्व भागातला छोटा यंत्रमागवाला सुताच्या भावानं आणि वीजबिलानं आधीच टेकीला आलाय, त्याला उपदेश करून काय होणार. म्हणून माझं म्हणणं एकट्या कारखानदाराला नाही, सगळ्यांनी मिळून एकदाच ठरवायचंय. जीआयचं नाव वापरणाऱ्यांनी तरी पाकिटावर चार गोष्टी मराठीत छापाव्यात, सूत कशाचं आहे, जीएसएम किती, पीळ साधा की कमी, आणि वरून सॉफ्टनर लावलाय का, लावला असेल तर पाणी टिपणारा की साधा. त्यापुढं सॉफ्ट लिहायचं असेल तर खुशाल लिहा. छपाईचा खर्च वाढत नाही, पाकीट तेच, शाई तीच. यंत्रमागधारकांच्या संघटनांनी आणि जिल्हा उद्योग केंद्रानं पुढाकार घेतला तर हे एका बैठकीत ठरण्यासारखं आहे.

थोडा इतिहास सांगायचा मोह आवरत नाही. टेरी टॉवेल मुळात तुर्कस्तानचा, म्हणून आपल्या घरात अजून टर्किश टॉवेल म्हणतात. हेन्री ख्रिस्ती नावाच्या इंग्रजानं तिथं हातानं विणलेलं हे लूपचं कापड बघितलं, नमुना घरी नेला आणि १८५० च्या सुमारास त्यांच्या कारखान्यात सॅम्युअल होल्टनं ते यंत्रावर विणायची युक्ती काढली. तिथून तो जगभर पसरला. सोलापुरात पहिली मिल १८७७ ला सुरू झाली, पुढं मिला बंद पडल्या, पण विणणारे हात राहिले, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांनी हातमागावरून यंत्रमागावर येत चादर आणि टॉवेल दोन्ही जगवले. एवढी पिढ्यांची मेहनत ज्या मालात आहे तो कशामुळं चांगला हे सांगायला आपल्याकडं एकच उसना शब्द असावा हे मला पटत नाही.

तुमच्याकडूनही एक मागणं आहे. पुरवणीत यापुढं कपडा, टॉवेल, चादर यावर लिहाल तेव्हा सॉफ्टच्या पुढं कशामुळं ते लिहायला लावा, लेखकाला माहीत नसेल तर इथं प्रत्येक गल्लीत सांगणारा माणूस आहे, फोन केला तर कोणीही आनंदानं सांगेल. आणि ती थेंबाची परीक्षा फोटोसकट छापली तर फारच उपयोग होईल, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला बाहेरगावची माणसं येतात, चादरी-टॉवेल घेऊन जातात, त्याच्या आधी छापली तर उत्तम. पत्र लांबलंय, जागा नसेल तर इंग्रजी शब्दाचा भाग काढा, पण पाकिटावरच्या चार गोष्टी आणि थेंबाची परीक्षा तेवढी ठेवा.

आपला,
टॉवेल प्रोसेसिंगमधून निवृत्त झालेला एक वाचक,
सोलापूर